त्रिशलाचा हो

"पूर्वाला मी गावाकडं घेऊन जाऊ का, त्रिशला? थोडे दिवस?" आईनं विचारलं.

"हो," त्रिशला म्हणाली.

आईच्या मनावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. मी मात्र चहाचा कप हातात धरून तसाच बसून राहिलो. आई आमच्याकडं सणावाराला येणारी, तिला त्रिशलाचा 'हो' माहीत नव्हता. मला माहीत होता. जेवलीस का म्हटलं तरी हो, जेवली नाहीस ना म्हटलं तरी हो. राग आला की हो, रडू फुटलं की हो. अपघातानंतर तिच्या तोंडात आपोआप येणारा असा हा एकच शब्द उरला होता, आणि ती बिचारी तो सगळीकडं वापरत होती.

"ती हो म्हणाली म्हणजे हो असं नसतं, आई," मी म्हणालो.

"मग काय असतं?"

त्रिशला उठली आणि उजवा पाय जरासा ओढत आत निघून गेली.

आमची पूर्वा तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची होती. इचलकरंजीत माझं मोटार वायंडिंगचं दुकान होतं, आजही आहे. जळालेल्या मोटारी उघडायच्या, तांब्याची जुनी तार काढायची, नवी भरायची. दुकानाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. त्रिशला घरी शिवणकामाचे क्लास घ्यायची. क्लास कसले, गप्पांचा अड्डाच होता तो. माप घेता घेता ती समोरच्या बाईच्या माहेरची सगळी माहिती काढायची आणि स्वतःचीही सांगून मोकळी व्हायची. दुकानातून जेवायला आलो की दारातूनच तिचा आवाज ऐकू यायचा. कधीकधी वैताग यायचा मला त्याचा.

त्या जानेवारीत ती हातकणंगल्याहून रिक्षानं येत होती. रस्त्यावर दिवे नसलेली उसाची ट्रॉली उभी होती. रिक्षा मागून त्यात घुसली. त्रिशलाच्या डोक्याला डावीकडून मार बसला, आत रक्त साठलं, ऑपरेशन करावं लागलं. ती वाचली. पाय हळूहळू चालायला लागला, उजवा हात थोडाफार उचलायला लागली. माणसं ओळखत होती, सांगितलेलं बरंचसं समजत होतं. पण बोलणं गेलं. तिला काहीतरी सांगायचं असायचं, ते डोळ्यांत दिसायचं, ओठ हलायचे, गळ्याच्या शिरा ताठायच्या आणि शेवटी बाहेर पडायचा तो 'हो'.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी आमच्या गल्लीच्या टोकाच्या जैन मंदिरातून आरतीचा आवाज आला. त्रिशला खिडकीपाशी बसली होती. आणि ती आरती म्हणायला लागली. शब्द न शब्द, अगदी स्पष्ट. सुराच्या बाबतीत ती पहिल्यापासून कच्ची, मंदिरातल्या बायका तिला मागच्या ओळीत बसवायच्या. पण शब्द खरे होते. मी स्वयंपाकघरातून धावत आलो. पूर्वा तिच्या मांडीवर होती. आरती संपली तशी मी तिच्यापुढं गुडघे टेकून बसलो आणि म्हणालो, "त्रिशला, बोल. काहीतरी बोल माझ्याशी."

"हो," ती म्हणाली. मग तिलाही कळलं की पुन्हा तेच आलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

डॉक्टरांनी आम्हाला मिरजेच्या शमा मुजावर मॅडमकडं पाठवलं. अपघातानं, झटक्यानं वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणं हे त्यांचं काम. चाळिशीच्या असतील, आवाज खालचा, घाई कशाचीच नाही. मी त्यांना आरतीचं सांगितलं.

"गाणं आणि बोलणं डोक्यात एका खोलीत राहत नाहीत, मगदूम," त्या म्हणाल्या. "ताईंची बोलण्याची खोली पडली. गाण्याची शाबूत आहे. आता बोलणं त्या दारातून बाहेर काढायचं."

"म्हणजे गाणी म्हणून घ्यायची?"

"पाठ असलेलं गाणं म्हणजे बोलणं नव्हे. ते आपसूक येतं. आपण रोजच्या वाक्यांची गाणी करायची. दोनच सूर, एक खालचा, एक वरचा."

त्यांनी त्रिशलाचा डावा हात हातात घेतला आणि टेबलावर एकेका अक्षराला एक अशी थाप देत गुणगुणल्या, "पा-णी दे." आधी नुसता सूर, मग शब्दांसकट. मग दोघी मिळून. मग मॅडम मध्येच गप्प झाल्या आणि त्रिशला एकटीच पुढं गेली. "दे" असं तिनं म्हटलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पाच महिन्यांत तिच्या तोंडून हो सोडून दुसरा शब्द, तिला स्वतःला हवा म्हणून आलेला, मी ऐकला नव्हता.

निघताना मॅडम मला म्हणाल्या, "एक पथ्य. त्यांच्या तोंडात शब्द घालू नका. त्या अडखळल्या की तुम्हाला वाटेल, आपणच पुरं करावं. करू नका. थांबा."

सांगायला सोपं होतं.

मंदिरातल्या भजनी मंडळाची एक जुनी पेटी पडून होती, ती मी मागून आणली. मला पेटीतलं काही कळत नाही. मी दुकानातली लाल टेप एका पट्टीला चिकटवली आणि पिवळी दुसऱ्या पट्टीला. लाल म्हणजे खालचा सूर, पिवळा म्हणजे वरचा. दुकान बंद करून आलो की रोज आम्ही बसायचो. खिडकी आधी लावायची, हा त्रिशलाचा नियम. शेजारणींपुढं दोन सुरांत पाणी मागायची तिला लाज वाटायची. मधे कुणी दार वाजवलं की ती लगेच गप्प व्हायची आणि पेटीवर टॉवेल टाकायची. पूर्वा तेवढी चालायची. ती समोर बसून जमिनीवर थापा मारायची.

'पाणी दे' आलं, 'भूक लागली' आलं, 'पूर्वा ये' आलं. शिकवलेलं वाक्य थाप मारत, सुरात, हळूहळू यायचं. न शिकवलेलं यायचं नाही. आणि 'नाही' तर कितीही थापा मारल्या तरी यायचं नाही. ना म्हणायला तोंड उघडलं की हो बाहेर पडायचा. मॅडम म्हणाल्या, त्याला वेळ लागेल.

मग पावसाळा संपता संपता दुधाचं झालं.

मी दुकानात होतो. शेजारच्या भारती वहिनींचा फोन आला, "लवकर या, पूर्वा उकळत्या दुधानं भाजली." घरी पोचलो तेव्हा पूर्वाच्या हातावर कोपरापर्यंत फोड आलेले आणि त्रिशला मोरीत नळ सोडून तिचा हात धारेखाली धरून बसलेली. डॉक्टर म्हणाले, पाणी ओतलं हे चांगलं केलं. पण वहिनींनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते डोक्यातून गेलं नाही. पूर्वाचं रडणं ऐकून त्या आत आल्या, तेव्हा त्रिशला दाराकडं तोंड करून ओरडायचा प्रयत्न करत होती. तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता.

त्यानंतर दुकानात फोन वाजला की माझे हात थांबायचे. तार भरताना वेढे चुकायचे. गिऱ्हाईक बोलत असायचं आणि मी घराच्या दिशेचा आवाज ऐकत असायचो. आईच्या कानावर दुधाचं गेलं आणि ती चिकोडीजवळच्या आमच्या गावाहून आली. तिथं ती थोरल्या भावाकडं राहते. घर मोठं, माणसं भरपूर, भावाची मुलं तिच्याच हाताखाली वाढलेली.

त्रिशला आत गेली तशी आई माझ्याजवळ सरकली.

"मी वैरीण नाही तिची," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरगी चांगली हाय. पण उद्या पूर्वा जिन्यावरनं पडली, रस्त्यावर पळाली, तर हाक कोण मारणार? तू दुकानात. ही अशी."

"ती शिकतीय, आई."

"काय शिकतीय? मघाशी ऐकलं मी दाराबाहेरनं. पेटी वाजवून पाणी मागत होती. मला तर भ्याच वाटलं, सुकुमार. म्हणलं डोक्यावर परिणाम झाला का काय."

मी तिला मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असंल. तिचं शिकणं होऊ दे सावकाश. तवर पोर माझ्याकडं राहू दे. मी परवा सकाळच्या गाडीनं जाते. तू ठरव."

खरं सांगायचं तर माझं अर्धं मन आईच्या बाजूला होतं. पूर्वा गावाकडं गेली तर निदान फोनची भीती जाईल. आणि उरलेलं अर्धं मन म्हणत होतं, त्रिशलाकडं आता ती पोरगीच तेवढी उरलीय. 'पूर्वा ये' हे वाक्य शिकायला तिनं सगळ्यांत जास्त दिवस घेतले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई मंदिरात गेली तेव्हा मी खिडकी लावली आणि त्रिशलासमोर बसलो. पूर्वा झोपली होती.

"त्रिशला, नीट ऐक. तोंडानं सांगू नकोस. मान हलव. पूर्वाला आईबरोबर पाठवायचं का?"

तिनं मान उभी हलवली. पाठवायचं.

असं काही येईल असं मला वाटलं नव्हतं. "नक्की? पाठवायचं?"

तिनं मान आडवी हलवली. नाही.

"म्हणजे नको पाठवू?"

पुन्हा आडवी. मग उभी. मग तिनं डोळे घट्ट मिटले आणि डावी मूठ गादीवर आपटली. मला वाटलं, अजून मानेचंही गोंधळतंय. मॅडमनी तसं सांगितलंही होतं, दमली की होकार-नकाराची अदलाबदल होते म्हणून. मी पेटी पुढं ओढली. तिनं ती बाजूला सारली, स्वतःचा डावा हात मांडीवर ठेवला आणि थाप मारायला लागली. एक. एक. गुणगुणली. मग म्हणाली, "मी."

"हां. मी. पुढं?"

"मी…" थाप. "मी…"

"मी पाठवणार नाही?"

तिनं मान हलवली, कशीही.

"मी पाठवते? मी दमले? मला झेपत नाही?"

"हो," ती म्हणाली, आणि तो हो तिच्या तोंडातून पडताच तिचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. तिनं भिंतीकडं तोंड केलं. मी हाका मारल्या, ती वळली नाही.

मी गॅलरीत जाऊन मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं.

"त्या मी म्हणाल्या?"

"हो. तीनदा."

"आणि तुम्ही पुढचं सांगितलंत."

मी दारातून आत बघितलं, त्रिशला अजून भिंतीकडंच तोंड करून होती.

"मी हे आपण शिकवलेलं नाही, मगदूम," त्या म्हणाल्या. "वाक्याची ती सुरुवात त्यांची स्वतःची आहे. थांबायला हवं होतं. आता आज नका छेडू. दमल्या असतील."

"पण सकाळी गाडी आहे, मॅडम."

"मग सकाळी थांबा."

ती सकाळ मला लख्ख आठवते. मी उठलो तेव्हा त्रिशला आधीच उठून कपाटापुढं बसली होती. मोठी निळी बॅग उघडी होती. ती पूर्वाचे फ्रॉक डाव्या हातानं मांडीवर पसरून, उजव्या हाताच्या मनगटानं दाबून, घड्या घालत होती. मी मदतीला गेलो तर तिनं मला हातानं बाजूला केलं. बॅग तिनंच भरली. चेन लावायला तिला बराच वेळ लागला, पण तीही तिनंच लावली.

आई दारातून बघत होती. तिचे डोळे भरून आले. "बघ," ती मला म्हणाली, "तिलाच कळतंय पोरीचं भलं कशात हाय."

मलाही तसंच वाटलं. रात्रभर तिनं स्वतःशी झगडून हे ठरवलंय, असं मी धरून चाललो. मनात एकीकडं सुटल्यासारखं वाटत होतं आणि एकीकडं कुणीतरी छातीवर पाय देऊन उभं असल्यासारखं. काल ती तीनदा 'मी' म्हणाली होती. त्या 'मी'च्या पुढं काय होतं, ते आता कायमचं राहून जाणार असं वाटत होतं.

"तू घरीच थांब, मी सोडून येतो यांना," मी त्रिशलाला म्हणालो. ती माझ्याआधी चप्पल घालून बाहेर पडली.

स्टँडवर नेहमीची गर्दी होती. चिकोडीची गाडी लागायची होती. आई बाकड्यावर पूर्वाला मांडीवर घेऊन बसली, त्रिशला बॅगेपाशी उभी राहिली. अपघातानंतर ती एवढ्या माणसांत पहिल्यांदाच आली होती. गाड्यांचे हॉर्न, माइकवरून होणारा पुकारा, चहावाल्यांची ओरड. प्रत्येक मोठ्या आवाजाला ती दचकत होती. मी तिला म्हणालो, "काही सांगायचं असलं तर सांग. मी थांबतो. मी काही बोलत नाही." आणि खरोखर गप्प उभा राहिलो. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात गाडी फलाटाला लागली, माणसं दाराकडं पळाली आणि आई उठली.

"चल सुकुमार, बॅग दे. जागा मिळायची नाही."

मी बॅगेला हात घातला. बॅग उचलेना. दुसऱ्या बाजूचा बंद त्रिशलाच्या हातात होता.

"सोड," मी म्हणालो.

तिनं सोडला नाही. आई पूर्वाला कडेवर घेऊन गाडीच्या दारात पोचली होती. एक पाय पायरीवर ठेवून ती मागं वळली. मागची माणसं कुरकुरायला लागली.

"त्रिशला, सोड बाई," आई म्हणाली. "अशी नको करू. पोर बघतीय. तूच हो म्हणालीस की नाही?"

"हो," त्रिशला म्हणाली.

"मग?"

"अहो बाई, वर या नाहीतर बाजूला व्हा," कंडक्टर आतून म्हणाला. "गाडी सुटायचीय."

पूर्वाला काहीतरी बिनसलंय हे कळलं आणि ती रडायला लागली, आईच्या खांद्यावरून त्रिशलाकडं हात पसरून. मी बॅगेचा बंद सोडून दिला. काय करावं ते सुचत नव्हतं. वाटत होतं, आता त्रिशला ओरडायला लागेल, पडेल, लोक जमतील.

त्रिशलानं बॅग खाली ठेवली. दोन पावलं पुढं गेली आणि गाडीच्या पत्र्यावर डावा तळहात मारला. एकदा. मग पुन्हा. पत्रा दणकत होता. दारातले लोक वळून बघायला लागले. ती त्या थापांबरोबर गुणगुणायला लागली, खालचा सूर, वरचा सूर, घरी खिडकी लावून गुणगुणायची तशीच. एक म्हातारा बाजूला सरकला. दोन कॉलेजच्या पोरी एकमेकींकडं बघून हसल्या. तिनं कुणाकडं बघितलं नाही, ती फक्त आईकडं बघत होती.

"आ-त्या," ती सुरात म्हणाली.

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. जानेवारीपासून आईनं ती हाक ऐकली नव्हती. तिचा पायरीवरचा पाय खाली आला.

"मी," त्रिशला गायली. थाप. मग नुसतीच थाप, शब्द नाही. ओठ जुळत होते, सुटत होते. माझ्या जिभेवर चार-पाच शब्द आले. मी दात आवळून धरले. कंडक्टर काहीतरी बोलणार होता, त्यालाही कुणीतरी हातानं थांबवलं.

"मी… पण…" थाप. "ये-ते."

आणि लगेच, जणू निसटून जाईल या भीतीनं, तिनं ते पुन्हा म्हटलं, सलग, एका दमात: "आत्या, मी पण येते."

हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आई तिच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मग चल की. मी कुठं नको म्हणलंय तुला? आधी सांगायचं नाही होय?"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो हे तिचं तिलाच कळलं. तिनं ओठ मिटले, पूर्वाला सावरलं आणि मोकळा हात त्रिशलाचा दंड धरायला पुढं केला.

मी बॅग उचलून त्यांच्यामागं चढलो. ती पूर्वाच्या फ्रॉकच्या मानानं जड होती. सीटखाली सरकवताना चेन थोडी उघडी राहिलेली दिसली आणि आतून त्रिशलाच्या हिरव्या साडीचा काठ बाहेर आलेला. खाली तिचे ब्लाऊज, तिच्या औषधांचा डबा, टॉवेल. सगळं पूर्वाच्या कपड्यांच्या खाली नीट रचलेलं. पहाटेपासून तिनं सगळं भरलं होतं, आणि आम्ही दोघं दारातून बघत होतो.

"औषधाच्या वेळा मी फोनवर सांगतो," मी आईला म्हणालो.

"सांग. आणि त्या मिरजेच्या बाईंचा नंबर दे."

"तू काय करणार?"

"मला शिकवा म्हणावं," आई म्हणाली. "थापा कशा मारायच्या ते."

गाडी हलली. मी उडी मारूनच उतरलो. खिडकीतून पूर्वानं हात केला. त्रिशला दुसऱ्या बाजूला होती, मला दिसली नाही.

माझी खात्री होती की चार दिवसांत आईचा फोन येईल, हिला घेऊन जा म्हणून. फोन रोज यायचा, पण वेगळाच. "मधल्या अक्षराला वर जायचं का खाली?" "ती दमली हे कसं ओळखायचं?" मॅडम आठवड्यातून एकदा तिच्याशी बोलायच्या. माझ्याशी बोलताना त्या एकदा म्हणाल्या, "तुमच्या आईंना थांबता येतं, मगदूम. तुमच्यापेक्षा बरं."

पहिल्यांदा गावाकडं गेलो तेव्हा घरामागच्या परड्यातून आवाज ऐकू आला. आई शेंगा फोडत बसली होती, समोर त्रिशला, मधे सूप. आई एका हातानं सुपावर थाप मारून भसाड्या आवाजात गात होती, "भा-जी कस-ली क-रू?" आणि त्रिशला उत्तर शोधत होती. परड्याच्या पलीकडं भाऊ, भावजय, गडीमाणसं होती, येणारे जाणारे होते. खिडकी कुणी लावली नव्हती. लावायला तिथं खिडकीच नव्हती. आई उत्तराची वाट बघत शेंगा फोडत राहिली. घाई तिलाही नव्हती आणि भाजीलाही नव्हती. दोन खोल्यांच्या घरात, दुकान बंद केल्यावर, मला ते कधी जमलं असतं असं वाटत नाही.

पूर्वाला घेऊन त्या दोघी, त्रिशला आणि आई, पुढच्या उन्हाळ्यात परत आल्या. हो, दोघी. आई पोचवायला म्हणून आली ती पूर्वा शाळेत जाईपर्यंत राहिली. मी रिकाम्या घरात ते महिने कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. दुकानात फोन वाजला की हात अजूनही थांबायचे, फक्त आता कान मागच्या गल्लीकडं नसून गावाकडं असायचे.

त्रिशला आता बोलते. पूर्वीसारखं नाही, वाक्य लांबलं की वाट चुकते, आणि मग टेबलावर बोटं हलायला लागतात. शिवणकाम पुन्हा सुरू केलंय, डाव्या हातानं कापड कापते. अनोळखी माणसाला वाटतं, बाई जरा विचार करून बोलतात. पूर्वाला त्यातलं काही वावगं वाटत नाही, तिनं दुसरं ऐकलंच नाही.

मधे एकदा, पूर्वाला कोल्हापूरला कॉलेजच्या हॉस्टेलवर सोडून आम्ही घरी परतलो होतो. घर शांत होतं. मी त्रिशलाला विचारलं, इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते. "त्या दिवशी मी तुला मानेनं सांग म्हणालो. तू एकदा हो म्हणालीस, एकदा नाही. मला वाटलं, तुझा गोंधळ होतोय."

मी थांबलो.

"गोंधळ नव्हता," ती म्हणाली. बोटं टेबलावर हलली. "तुम्ही… दोनच विचारलंत. न्यायची… का ठेवायची."

"मग?"

"दोन्ही… तिचं होतं. माझं… कुणी विचारलंच नाही."